आमचा पाण्याचा प्लांट चार महिने बंद का होता

 

मागच्या वेळी मी गटाच्या अंतर्गत कर्जावर बोलले होते. त्यानंतर दोन-तीन गावांतून फोन आले. ताई, तुमच्या गावचा पाण्याचा प्लांट बायकांचा गट चालवतो म्हणे, आम्हालाही टाकायचा आहे, त्याबद्दल सांगा. एका ताईंनी तर सरळच विचारलं, "मशीन फुकट कोण देते, तेवढं सांगा."

तर ताई, मशीन मिळतं. कुठे कंपनीच्या सामाजिक निधीतून मिळतं, कुठे आमदार निधीतून, कुठे ग्रामपंचायत आपल्याच पैशातून घेते. त्यासाठी मी बोलायची गरज नाही. मी आज मशीन आल्यानंतरचं सांगणार आहे. कारण आमच्याकडेही मशीन फुकटच आलं होतं. हार-फुलं झाली, नारळ फुटला, फोटो निघाले. आणि दीड वर्षाने ते बंद पडलं, तेही मार्च महिन्यात. पुढचे चार महिने त्या शेडला कुलूप होतं. ते कुलूप लागण्यात माझाही हात आहे, म्हणून सांगते.

आधी आमच्या पाण्याचं सांगते, कारण ऐकणाऱ्या सगळ्याच आमच्या भागातल्या नाहीत. आमचं गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. इथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे. विहीर खोदली तर पाणी लागतं, बोअर मारली तर लागतं, पण तोंडात घेववत नाही. डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, गुंडाच्या आत पांढरा थर चढतो. मी लहान असताना आई गोड्या पाण्याच्या एका विहिरीवर जायची. ती जाताना मी झोपलेली असायची आणि ती परत यायची तेव्हा शाळेची वेळ झालेली असायची. सोयरीक जुळवताना मुलीकडचे शेती किती हे नंतर विचारायचे, गोडं पाणी किती लांब आहे ते आधी विचारायचे.

पुढे धरणांवरून पाइपलाइनी आल्या. वान धरणावरची चौऱ्याऐंशी खेडी योजना, काटेपूर्णा धरणावरची खांबोऱ्याची चौसष्ट खेडी योजना, ही नावं आमच्या भागात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. धरणाचं गोडं पाणी खाऱ्या गावांत पोचलं, ही लहान गोष्ट नाही. आमच्या गावची योजना यांच्यापेक्षा वेगळी आणि लहान आहे. आम्ही पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. पाण्याची पाळी काही दिवसांनी येते, आणि उन्हाळ्यात मधल्या दिवसांत पंचायतीच्या बोअरचं पाणी सोडतात.

त्या बोअरचं पाणी आम्ही भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं. तुम्हीही घ्या, प्रत्येक तालुक्याजवळ अशी प्रयोगशाळा असते. अहवालात टीडीएस म्हणून एक आकडा असतो. पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते तो सांगतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यानुसार एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. आमच्या बोअरचा आकडा आला २४००.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण बायका मला नेहमी विचारतात. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण खारेपणा जात नाही. उलट पाणी आटतं आणि क्षार आहेत तेवढेच राहतात, म्हणजे ते जास्तच खारं होतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार जात नाहीत आणि जंतूंचाही भरवसा नाही. टीसीएल पावडर जंतूंवर चालते, क्षारांवर चालत नाही. म्हणून आमच्यासारख्या गावाला आरओ मशीन लागतं. त्यात एक पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. पाणी जोराने त्या पडद्यावर दाबलं की चांगलं पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. ज्या गावाचं पाणी मुळातच गोडं आहे, नुसती जंतूंची भीती आहे, त्यांनी आरओच्या मागे लागूच नये. टाकी धुणं, टीसीएल नियमित टाकणं एवढ्यात त्यांचं काम होतं. शेजारच्या गावात आला म्हणून आमच्यातही हवा, असा हा मामला नाही.

प्लांट यायच्या आधी गावात तालुक्याहून जारची गाडी यायची. वीस लिटरचा जार वीस रुपयांना. ज्यांची ऐपत होती ते घ्यायचे. बाकीचे खारंच प्यायचे. आमच्यातल्या बऱ्याच घरांत पाण्याचे दोन माठ असायचे, एक पाहुण्यांचा आणि एक घरच्यांचा. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मग एका कंपनीने मशीन आणि शेड दिली. पंचायतीने जागा आणि बोअर दिली. चालवायचं काम आमच्या गटाकडे आलं. दसऱ्याला उद्घाटन झालं. तासाला ५०० लिटर पाणी देणारं मशीन. किंमत ठरवायला बसलो तेव्हा कोणी म्हणालं फुकट द्या, कोणी म्हणालं दोन रुपये. एक आजी उठून म्हणाल्या, "पानी का इकाची गोष्ट हाय का व? पाप लागन." मशीन बसवायला आलेला मुलगा म्हणाला, सगळीकडे वीस लिटरला पाच रुपये असतात. झालं, पाच ठरले. पाचच का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी बी.ए. झालेली, गटाचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारी. कर्जाच्या व्याजाचा घोळ एक रुपयाचा असला तरी रात्री झोप न लागणारी. पण या मशीनमध्ये काय काय झिजतं, ते कधी बदलावं लागतं आणि त्याला किती पैसे लागतात, हा प्रश्न मला सुचला नाही.

आता आमचा हिशेब ऐका. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

दिवसाला सरासरी साठ कॅन जायचे. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी, पण सरासरी साठ. साठ कॅनचे पाच रुपयांप्रमाणे ३०० रुपये, महिन्याचे ९,००० रुपये. खर्च असा. प्लांटवर सकाळ-संध्याकाळ बसणाऱ्या आमच्याच गटातल्या ताईला ४,५०० रुपये. विजेचं बिल २,८०० रुपये. गाळण्या आणि पडद्यावर क्षार बसू नयेत म्हणून टाकायचं औषध, मिळून १,२०० रुपये. एकूण ८,५००. उरले ५०० रुपये. आम्ही दर महिन्याच्या बैठकीत अभिमानाने सांगायचो, प्लांट नफ्यात आहे.

दीड वर्षात जमले ९,००० रुपये. मधे एकदा मोटर जळाली, तिला ४,२०० गेले. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर घेतला, २,५०० गेले. खात्यात राहिले २,३००.

आणि मार्चमध्ये पाणी कमी यायला लागलं. तासाला ५०० लिटर देणारं मशीन दोनशेवर आलं. चवही खारट लागायला लागली. मेकॅनिक आला, म्हणाला दोन्ही मेम्ब्रेन गेले. तुमचं पाणी इतकं खारं आहे की दीड वर्ष टिकले हेच पुष्कळ. दोन्ही नवे बसवायचे तर २८,००० रुपये.

कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, देखभाल एका वर्षाची होती, ती संपली. पंचायतीत गेलो. तिथे म्हणाले, मशीन आमच्या दप्तरी नोंदलेलंच नाही, त्यावर आम्ही खर्च कसा दाखवायचा? आणि गटाच्या खात्यात होते २,३००. तिघंही खरं बोलत होते. कोणी खोटं बोललं असतं तर भांडायला तरी आलं असतं. आमच्याकडे कागद म्हणून होतं काय, तर उद्घाटनाची पत्रिका.

चार महिने. त्यात एप्रिल आणि मे. जारची गाडी पुन्हा यायला लागली. ज्या घरांनी दीड वर्ष गोडं पाणी प्यायलं होतं, त्यांना आता खारं घशाखाली उतरेना. मुलं तर तोंडच लावेनात. पाच रुपयांत भागवणारी घरं वीस रुपये काढायला लागली, आणि ज्यांना ते जमेना ती परत बोअरवर गेली. मी रस्त्याने चालले की बायका विचारायच्या, "काहून व ताई, कवा सुरू होते?" उत्तर नसायचं. शेवटी मी आडवाटेने जायला लागले. प्लांटवर बसणाऱ्या आमच्या ताईचे साडेचार हजारही बंद झाले होते. तिच्या मुलीची त्याच वर्षी बारावी होती. ती कधी काही बोलली नाही.

गटात त्यावेळी एक मोठा वाद झाला. काही जणी म्हणाल्या, गटाच्या बचतीतून २८,००० टाकू आणि सुरू करू, मागाहून फेडू. मी नाही म्हटलं, आणि त्याबद्दल माझ्यावर राग धरलेल्या दोघी आजही आहेत. पण मैत्रिणींनो, बचत ही दहा-बारा बायकांची. त्या पैशातून कोणाचं बियाणं येतं, कोणाचं बाळंतपण होतं. पाणी अख्ख्या गावाचं. गावाच्या मशीनसाठी दहा बायकांच्या घामाचा पैसा अडकवायचा नाही. तुमच्याकडे अशी वेळ आली तर भावनेच्या भरात हे करू नका.

आम्ही ग्रामसभा मागितली. राज्यात २००३ साली जलस्वराज्य प्रकल्प आला होता, त्यात गावांनी दहा टक्के लोकवर्गणी भरून योजना केल्या होत्या. आमच्या गावातल्या जुन्या माणसांना ते माहीत होतं. एक काका सभेत म्हणाले, तेव्हा भरली तशी आताही भरू, पण या वेळी हिशेब भिंतीवर लिहा. पंचायतीने प्लांट आपल्या नावावर नोंदवून घेतला. तो नोंदल्यावर त्यावर खर्च करायला वाट मोकळी झाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. त्यातून पंचायतीने १४,००० दिले. उरलेले १४,००० एकशे चाळीस घरांनी शंभर-शंभर रुपये देऊन जमवले. जुलैच्या अखेरीस प्लांट सुरू झाला.

आणि आता किंमत. या वेळी आम्ही आधी हिशेब केला. चालवण्याचा खर्च ८,५००. मेम्ब्रेन दोन वर्षांनी बदलायचे धरले तर २८,००० भागिले चोवीस महिने, म्हणजे साधारण १,१७०. मोटर आणि किरकोळ दुरुस्तीला ८०० बाजूला. एकूण १०,४७०. महिन्याला कॅन जातात १,८००. भागून बघा. एका कॅनला पाच रुपये ब्याऐंशी पैसे येतात. म्हणजे सहा रुपये. आम्ही पहिल्यापासून एक रुपया जास्त घेतला असता तर ते चार महिने आलेच नसते. दीड वर्षात त्या एका रुपयाचे ३२,००० च्या वर झाले असते.

सहा रुपये झाल्यावर कुरकुर झाली. पण भिंतीवर हिशेब लिहिलेला होता. शेडच्या बाहेर काळा फळा आहे, त्यावर दर महिन्याला किती कॅन गेले, किती पैसे आले, बिल किती, मेम्ब्रेनच्या खात्यात किती जमा, हे लिहितो. मेम्ब्रेनचं खातं बँकेत वेगळं काढलं आहे. त्यावर गटाच्या अध्यक्ष आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोन सह्या लागतात. लग्नाकार्याला पाणी लागलं तर कॅनला पंधरा रुपये. मंडपावर हजारो खर्च करणाऱ्याला पंधरा जड जात नाहीत.

आता ज्याच्यासाठी मी आज बोलायला बसले, ती गोष्ट. आमच्या शेवटच्या आळीतली एक मावशी. आमच्याच ग्रामसंघातल्या दुसऱ्या गटात आहे. पाच रुपये होते तेव्हासुद्धा ती महिन्यातून तीन-चार वेळाच यायची. मला वाटायचं, तिला पटतच नाही. मी तिला दोनदा आरोग्यावर भाषणसुद्धा दिलं. मग एकदा तिच्या घरी बसले असताना सहज विचारलं. ती म्हणाली, "पोरी, मले का गोडं पानी आवडत नाही का? पन माह्या हाती रोज पाच रुपये कुठं असते? मजुरी भेटते बाजाराच्या दिवशी." मी वर्षभर तिला अडाणी समजत होते. अडाणी मी होते. ज्याला रोख रोज मिळत नाही, त्याला रोजच्या रोजचा पाच रुपयांचा कॅनही महागच असतो, आणि उधारीला ती लाजत होती, कारण प्लांटवर सगळ्यांसमोर वहीत नाव लिहावं लागायचं.

म्हणून आम्ही कार्ड काढलं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावात कार्ड टाकून पाणी घ्यायची सोय आहे, ते पुष्कळ जणांनी ऐकलं असेल. आमचं कार्ड तसलं मशीनचं नाही, साधं पुठ्ठ्याचं आहे. सात घरांचं कार्ड, म्हणजे सात चौकोन, आठवड्याचे बेचाळीस रुपये. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पैसे द्यायचे. कॅन नेला की पंच करून एक चौकोन भोकायचा. ज्यांना महिन्याचे एकदम द्यायला जमतं ते तीस चौकोनांचं घेतात. वहीत नाव नाही, हाक मारून मागणं नाही. मावशी आता दिवसाआड येते, तिचं कार्ड दोन आठवडे चालतं. शिवाय तीन घरं अशी आहेत, जिथे एकटी म्हातारी माणसं राहतात. त्यांना ग्रामसभेच्या ठरावाने फुकट आहे. त्यांच्याकडेही कार्ड आहेच, बाकीच्यांसारखंच दिसणारं. त्यांचा खर्च लग्नाच्या कॅनमधून निघतो.

दुसरी चूकही सांगते, कारण ती अजून पुष्कळ गावांत चालू असेल. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आमच्याकडे मी आणि आणखी चौघी आहोत. आम्हाला एक लहान बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि घरात उबेला एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात घाण मिसळली आहे. आम्ही प्लांटच्या नळाचं पाणी भरून ठेवलं. ते जसंच्या तसं राहिलं. छान वाटलं. मग एकीच्या डोक्यात आलं, घरातल्या माठातलंही भरून बघू. पाच घरांतलं भरलं. त्यातल्या तीन बाटल्या काळ्या पडल्या. एक माझ्या घरची होती.

प्लांटमधून पाणी शुद्ध निघत होतं आणि आमच्या घरात येऊन खराब होत होतं. कारण असं की आरओच्या पाण्यात क्लोरिन उरत नाही. नळाच्या पाण्यात टीसीएल बरोबर टाकलेली असेल तर थोडं क्लोरिन शेवटच्या घरापर्यंत टिकतं आणि नंतर काही पडलं तरी ते राखण करतं. आरओच्या पाण्याची अशी राखण कोणी करत नाही. कॅन आतून धुतलेला नसतो, त्याच्या तळाला हिरवट चिकट थर असतो. माठात पोरं हात घालून पेला बुडवतात. आमच्या घरी तोच उद्योग चालू होता. आता प्लांटवर नियम आहे, आतून चिकट लागलेला कॅन भरून मिळत नाही. तिथेच ब्रश आणि पाणी ठेवलं आहे, धुवा आणि मग भरा. सुरुवातीला बायका चिडल्या, आता सवय झाली. आणि माठावर लांब दांड्याचं ओगराळं. आपल्या आज्या तेच वापरायच्या, मधल्या काळात आपण ते माळ्यावर टाकलं. पावसाळ्यात तर जास्तच जपा. पावसाळ्यात आमचे कॅन साठावरून पस्तीसवर येतात, कारण विहिरीला नवं पाणी आलेलं असतं आणि ते कमी खारं लागतं. पण वरून वाहून आलेली घाणही त्याच पाण्यात असते. जिभेला गोड लागलं म्हणजे ते चांगलं, असं नसतं.

या टीडीएसवरून आठवलं. गावात फिल्टर विकायला माणसं येतात. एक पेनासारखं मीटर पाण्यात घालून आकडा दाखवतात. तो आकडा फक्त क्षारांचा असतो, जंतूंचा नाही. कमी आकड्याच्या पाण्यातही जंतू असू शकतात. आणखी काही जण दोन दांड्यांचं यंत्र आणतात. तुमच्या पाण्यात दांड्या घालून वीज लावली की पाणी तपकिरी, हिरवट, गढूळ होतं. बाया घाबरतात, बघा ताई किती घाण निघाली! ती घाण पाण्यातली नसते. त्या दांडीचं लोखंड विरघळून वर येतं. त्यांच्या फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे वीज नीट जात नाही आणि रंग येत नाही. एवढीच ती जादू आहे. त्या जादूवर आमच्या गावात दोघींनी कर्ज काढून फिल्टर घेतले.

वाया जाणाऱ्या पाण्याचंही सांगायला हवं. आमच्या प्लांटमध्ये जेवढं चांगलं पाणी निघतं, त्याहून जास्त खारं पाणी बाहेर पडतं. सुरुवातीला ते नालीत सोडायचो. तिथे चिखल व्हायचा, डास व्हायचे. आता ते टाकीत साठवतो. शाळेच्या आणि पंचायतीच्या संडासाला, फरशी धुवायला, गाड्या धुवायला ते जातं. झाडांना घालू नका. आम्ही शाळेतली कडुनिंबाची रोपं त्या पाण्यावर जगवायला गेलो आणि ती जळाली. मुलांनी लावलेली होती, फार वाईट वाटलं.

आता ज्यांना प्लांट टाकायचाच आहे त्यांना. नारळ फोडायच्या आधी स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. मशीन कोणाच्या मालकीचं, वीजमीटर कोणाच्या नावावर, मोठी दुरुस्ती आली तर कोणी किती द्यायचं, देणाऱ्या संस्थेची देखभाल किती वर्षं, आणि गटाला काम सोडायचं झालं तर किती महिने आधी सांगायचं. मेम्ब्रेनची किंमत आणि आयुष्य मशीनवाल्याकडून लेखी घ्या, आणि त्याला बोअरचा अहवाल दाखवूनच घ्या, कारण गोड्या पाण्यावरचं आयुष्य आणि आपल्या पाण्यावरचं आयुष्य वेगळं असतं. देणारे लोक वाईट नसतात. पण त्यांचं लक्ष उद्घाटनावर असतं आणि आपल्याला त्यानंतरची वर्षं काढायची असतात. आणि ठराव ग्रामसभेत घ्या, नुसत्या मासिक सभेत नको. निवडणुकीनंतर माणसं बदलतात, ग्रामसभेच्या वहीतला ठराव राहतो.

एक प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला होता, तो मला अजून टोचतो. ती म्हणाली, पाणी देणं सरकारचं काम आहे, तुम्ही बायका ते विकून सरकारची सुटका करताय. तिचं चूक नाही. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही ठरलेल्या दर्जाचं, घरात नळाने द्यायचं आहे. ते आमच्या पाइपलाइनच्या टोकापर्यंत अजून नीट येत नाही. प्लांट आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही त्याचा पाठपुरावाच सोडून दिला होता. गरज भागली ना, मग कोण चकरा मारतं! आता ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आमच्या ग्रामसंघाच्या बायका आहेत. त्या समितीत निम्म्या बायका असायला हव्यात, तुमच्या गावात आहेत का ते बघा, नुसत्या सह्यांपुरत्या नाही ना, तेही बघा. दर ग्रामसभेत आम्ही नळाचा विषय पहिला घेतो आणि प्लांटचा नंतर. ज्या दिवशी नळाला रोज गोडं पाणी येईल, त्या दिवशी मी आनंदाने शेडला कुलूप लावीन. मात्र प्लांटवरच्या ताईला तेव्हा दुसरं काम शोधावं लागेल, तेही आम्ही आत्तापासून बोलतो आहोत. तिने मेकॅनिककडून गाळण्या बदलायचं आणि मोटर तपासायचं काम शिकून घेतलं आहे. परवा शेजारच्या गावचा प्लांट अडला होता, तर त्यांनी तिला बोलावलं. गाडीभाडं देऊन वर तीनशे रुपये दिले.

मेम्ब्रेनच्या खात्यात या महिन्याअखेर १७,५५० रुपये आहेत. पंधरा महिने झाले. आकडा फळ्यावर लिहिलाय, पाहायचा असेल तर कधीही या. सकाळी सात ते नऊ शेड उघडी असते. येताना तुमच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल घेऊन या, म्हणजे सोबत बसून तुमचा कॅन किती रुपयांना पडेल ते काढू.

वेळ संपली असं पलीकडून खुणावतायत. नमस्कार.